शिशाच्या माशांचे डोळे

लोखंड पडलं तर वाजतं, पितळ पडलं तर नाचतं. शिसं नुसतं पडतं. आमच्या गाळ्यात पोतं उपडं केलं की ओल्या वाळूचं घमेलं रिकामं केल्यासारखा आवाज व्हायचा, थोडी करडी धूळ उडायची आणि पंडितमामा मांडी घालून पुढे सरकत म्हणायचे, “चला, बाजार भरना.” सिल्वासात आल्यावर जे आवाज माझ्या कानात कायमचे बसले त्यांत हा एक. बाकीचे म्हणजे शेजारच्या गाळ्यातलं प्लास्टिकचे दाणे पाडणारं यंत्र, पाळी सुटल्याचा भोंगा आणि खोलीच्या पत्र्यावरून पळणाऱ्या खारी. गावाकडे खार दिसली तर आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो. इथे ती पत्र्यावर धावली की मी दचकायचो. तेव्हा मला कशाचीही भीती वाटायची. शेठ मोठ्याने शिंकले तरी वाटायचं, आता मला काढून टाकणार.

आम्ही जिग बनवायचो. बनवायचो म्हणजे ओतायचो नाही. ओतलेले नागडे मासे बाहेरून पोत्यात यायचे आणि आम्ही त्यांना कपडे घालायचो. बोटाएवढा शिशाचा मासा, दोन्ही टोकांना तारेची कडी, एका कडीला गळ. समुद्रावर हौसेने मासेमारी करणारे लोक तो दोरीला बांधून लांब फेकतात आणि झटके देत ओढतात. पाण्यात तो जखमी मासळीसारखा लडखडत चालतो आणि मोठा मासा फसून त्याला गिळतो. परदेशी जिग महाग पडते, हरवली तर जीव हळहळतो. आमची स्वस्तातली. खडकात अडकली तर दोरी कापून टाका, दुसरी बांधा. दमणपासून खाली मुंबईपर्यंतच्या दुकानांत ती प्लास्टिकच्या पाकिटात लटकायची. पाकिटावर कंपनीचं नाव विलायती वाटेल असं होतं. आत आम्ही खानदेशातले दोन जण, ज्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. घरी बसलेल्या पोराकडे लोक कसे बघतात ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. मामा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आले आणि जाताना आईला म्हणाले, “याले मी लई जास.” एवढंच. माझी पिशवीसुद्धा त्यांनीच उचलली. आज चाळिशी ओलांडल्यावर हे लिहायला बसलोय. लोक म्हणतील हे काय आठवणी लिहायचं वय झालं! पण आमच्यासारख्यांचं शरीर लवकर म्हातारं होतं, आणि एका माणसाचे उपकार कागदावर उतरवायचे राहून गेले तर मला शांत मरण यायचं नाही.

खोली लांबट होती, बोगद्यासारखी. एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला दार, मध्ये आमच्या दोन सतरंज्या आणि स्टोव्ह. पीठ मात्र गावाहून यायचं. मामी कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं, डब्यात दाबून भरून खानदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. मामा भाकरी अशी थापायचे की शेजारच्या खोलीतली नाशिककडची बाई दारात उभी राहून बघायची. “पंडितभाऊ, तुमच्या बायकोला काही कामच ठेवलं नाही तुम्ही.” मामा म्हणायचे, “म्हणून तर ती तिकडं राहते, माझ्या भाकरीला नावं ठेवता येत नाहीत ना तिला.” परातीवर त्यांच्या तळव्याची थाप पडायची, तिला ताल होता. भाकरी फिरवताना मनगट हलकं उचललं जायचं आणि बोटं पंख्यासारखी उघडायची. तो हात मी रोज पाहिला. कुणाचा हात कसा उचलला जातो हे कोण लक्षात ठेवतं? मी ठेवलं नसतं, जर पुढे तसं झालं नसतं.

आता कामाचं सांगतो. स्वस्त मालात सगळी कमाई निवडण्यात असते. शेठ जिथून स्वस्त मिळेल तिथून ओतलेला माल उचलायचे, त्यामुळे दोन पोती सारखी कधी नसायची. मामा एकेक मासा काचेच्या तुकड्यावर ठेवायचे. डुलला तर वाकडा, बाजूला. कडी तिरपी बसली असेल तर बाजूला. अंगावर बारीक भोकं असतील तर बाजूला, कारण तिथे रंगाखाली हवा राहते आणि उन्हात फुगा येतो. हे मलाही जमायला लागलं. पण शिसं मऊ की कडक हे डोळ्याला दिसत नाही. फार मऊ असलं तर मासा खडकावर आपटून वाकतो आणि वरचा रंग अंड्याच्या टरफलासारखा तडकतो. ते ओळखायला मामा प्रत्येक मुठीतला एखादा मासा दाढेखाली धरायचे आणि हलकेच दाबायचे.

हे ते कुणाकडून शिकले नव्हते. आमच्याकडे ज्वारी वाळली की नाही हे दाणा दाताखाली फोडून ठरवतात. कट्कन फुटला तर वाळला, चिवट लागला तर ओल आहे. व्यापारी असो की शेतकरी, दाणा तोंडात घातल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नाही. मामांचे वडील दाणा चावून कुठल्या शेतातला ते सांगायचे म्हणे. मामांनी तीच रीत शिशाला लावली. “दात खोटं बोलत नही,” म्हणायचे. चावलेल्या माशावर दाढेची खूण उठायची ती कानशीने घासून काढायची. मलाही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण माझी दाढ किडलेली होती. गार काही लागलं की कळ डोक्यात जायची. “ऱ्हाऊ दे,” मामा हसले, “तुनं तोंड फक्त जेवाले.” त्या किडलेल्या दाढेला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो.

निवडून झालं की सुरीने कडेचा पापुद्रा काढायचा, घासायचं, सोड्याच्या पाण्यात धुवायचं, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. मग चमकती पन्नी चिकटवून चमच्याच्या पाठीने चोळायची, इतकी की सुरकुती दिसता कामा नये. खवले काढायला मच्छरदाणीचा तुकडा घट्ट ताणून त्यावरून रंगाचा फवारा. जाळी उचलली की खाली खवलेच खवले. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ओरडलोच होतो आणि शेठ काय झालं म्हणून धावत आले होते. शेवटी डोळा. महाग जिगला तयार चिकटवायचे डोळे असतात. आमचा डोळा खिळ्याच्या डोक्याने. मोठ्या खिळ्याचं डोकं पिवळ्या रंगात बुडवून टेकवायचं आणि सरळ वर उचलायचं, ते वाळलं की बारीक खिळ्याने मध्ये काळा ठिपका. उचलताना हात तसूभर सरकला तर मासा आंधळा किंवा चकणा. शेठ म्हणायचे, गिऱ्हाईक डोळा बघूनच पाकीट हातात घेतं. डोळे फक्त मामा काढायचे. गाळ्यातल्या दोरीवर ओळीने टांगलेले मासे वाळायचे आणि सगळे एकाच दिशेला बघायचे.

परवा माझ्या मुलाने मोबाइलवर कुठला तरी माणूस दाखवला, असाच खिळ्याने डोळा काढणारा. “पप्पा, तुम्ही हेच करायचे ना?” मी उठून बाहेर गेलो. पोराला वाटलं मी रागावलो.

एका सुट्टीच्या दिवशी मामांच्या मनात आलं की आपली जिग पाण्यात चालते तरी कशी ते बघायचं. सगळा जन्म मासे रंगवतोय आणि मासा फसताना पाहिला नाही म्हणजे काय? आम्ही खानवेलकडच्या गाडीत बसलो आणि पुढे दुधनीला, धरणाच्या पाण्यावर उतरलो. सोबत भाकऱ्या, ठेचा, नायलॉनची दोरी आणि खिशात मामांनी स्वतः निवडून रंगवलेली एक हिरवी जिग. काठावर एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. त्याने जिग हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“ह्यो काय? पोरांचा खेळना?”

“मासे धराचं आहे, बाबा,” मामा म्हणाले.

“ह्यानं?” म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. “मासा काय यडा हाय व्हय रं, शिसा खायाला?”

मामाही हसले. “बघा तर खरं. मोठे मोठे शौकीन लोक घेतात आमचा माल.” दोरी सैल सोडून ते उभे राहिले, हात मागे नेला आणि फेकायला पुढे आणला. जिग पायाशी चिखलात पडली. हात पुढेच राहिला होता, पण मनगटापासून पंजा खाली लोंबत होता, टोपलीतून मान बाहेर टाकलेल्या कोंबडीसारखा. मामा त्या पंज्याकडे बघत राहिले. त्यांनी डाव्या हाताने तो वर उचलला, सोडला. तो पुन्हा पडला.

“मामा, काय झालं?”

“काही नही. मुंग्या उन्या.” मग भाकऱ्या पुढे ओढत म्हणाले, “बस. जेवी ले.” त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने भाकरी खाल्ली. म्हातारा हसायचा थांबला होता. जाताना त्याने आम्हांला चार लहान मासे पानात गुंडाळून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

खरं तर आधीपासून काही तरी चाललं होतं. मामांचं पोट दुखायचं, इतकं की मोरीपाशी उकिडवे बसून राहायचे. चेहरा राखेसारखा झाला होता. आम्ही म्हणायचो इथलं पाणी बाधतंय. सरकारी दवाखान्यात मीच त्यांना ओढून नेलं. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत, मराठीत बोलले म्हणून मला रडू आलं. त्यांनी मामांचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी.

“बॅटरीच्या कारखान्यात आहात का?”

“नाही साहेब. मासे बनवतो.”

“मासे?”

मी खिशातली जिग काढून दाखवली. दातांचं सांगितलं. डॉक्टरांनी मामांचा लोंबता पंजा उचलून सोडून पाहिला. मग म्हणाले, शिसं अंगात भिनलंय, हाताची शीर मारलीय. रक्त तपासायला मोठ्या गावी पाठवावं लागेल, पण त्याआधी एकच औषध, हे काम आजपासून बंद. शिशाच्या आसपाससुद्धा थांबायचं नाही. हात परत येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “काम सोडलं तर हळूहळू येऊ शकतो. नाही सोडलं तर येणार नाही, आणि नुसता हातच जाईल असंही नाही.”

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “ज्वारी चावीसन कोणी मरं का रे कधी?” मी म्हटलं, मामा, ती ज्वारी नव्हती. पण ते माझ्याशी बोलतच नव्हते.

शेठ वाईट माणूस नव्हता. हे मी आजही म्हणेन. त्याने मामांना खुर्चीवर बसवलं, गुळाची अख्खी ढेप आणून दिली. त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांत अशी समजूत होती की गूळ खाल्ला की धूळ, रंग, शिसं सगळं पोटातून धुऊन निघतं. “गोळ खाव, पंडितभाई, दूध पियो. बधुं साफ थई जशे.” मामांनी गूळ खाल्ला. पॅकिंगला बसवलं तर पाकीट बंद करायला हात उचलेना. रंगाला बसवलं तर मासे चकणे झाले. शेवटी मामा स्वतःच म्हणाले, मी घरी जातो. जाताना बसस्टँडवर त्यांनी मला एकच सांगितलं. “तू काम सोडू नको. तुनी माय तुन्यावर शे.”

मी सोडलं नाही. निवडायला बसू लागलो. दाढ चालत नव्हती, म्हणून अंगठ्याचं नख शिशावर ओढून पाहिलं. मऊ शिशावर खोल चर पडायचा, कडकावर नुसती चमकदार रेघ. दोन-तीन पोती गेली आणि एक दिवस पन्नी चोळता चोळता माझ्या लक्षात आलं, जे मामा दाताने शोधायचे तेच नखाने कळत होतं. तितकंच. अगदी तितकंच. मी मोरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. हात धुण्याची ती खोड गेली नाही. बायको म्हणते, तुमच्या रेषा पुसून जातील एक दिवस.

गावाहून बातम्या यायच्या. मामांची पोटदुखी थांबली. चेहऱ्यावर रंग आला. हात थोडा उचलतो, पूर्ण नाही. शेतमजुरीला कोण बोलावणार? मामीच निंदायला जायची आणि मामा घरात बसून असायचे. ओट्यावर बसलेल्या पुरुषाला जे ऐकावं लागतं ते त्यांना ऐकावं लागत होतं. आईने सांगितलं, तुझा मामा आता कुणाशी बोलत नाही. पण मला एक बातमी पुरेशी होती, हात थोडा उचलतो. मी ती उराशी धरून बसलो होतो. येतोय, हळूहळू येतोय.

आणि एके सकाळी मामा गाळ्याच्या दारात उभे. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, गुंडी लावलेल्या बाह्या तळव्यापर्यंत ओघळलेल्या, दाढी केलेली. मला बघून हसले तेव्हा मी धावलो आणि पाया पडायच्या आधीच विचारलं, “मामा, इथं कशाला आले? डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टरले काय, त्याना पगार चालू शे,” मामा म्हणाले.

“मग निवडायला मी बसतो. नखाने कळतं मामा, हे बघा, चावायला लागतच नाही.” मी अंगठा ओढून दाखवला.

त्यांनी बघितल्यासारखं केलं. “चांगलं शे. पण नखाले काय समज?” आणि पुढे शेठकडे गेले.

शेठने त्यांना पाणी दिलं, घरचं विचारलं. मामा म्हणाले, हात ठीक झाला. शेठ क्षणभर त्यांच्या बाहीकडे बघत राहिला. मग पांढरा हात दिलेला, खवले काढलेला एक मासा त्याने टेबलावर ठेवला, पिवळ्या रंगाची वाटी सरकवली. “एक आंख बनावी ने बतावो, पंडितभाई. बस, एक.”

मामांनी खिळा उचलला. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो. बाही थोडी वर सरकली आणि मला आत दिसलं. मनगटाखालून तळव्यापर्यंत बांबूच्या दोन चपट्या काड्या आणि त्यांवर शिवलेलं कापड, मामीच्या जुन्या पातळाचं, मला ते जांभळं पातळ माहीत होतं. पट्टा इतका घट्ट की पंजा वर धरून ठेवलेला. हात त्यांचा उचलत नव्हता. मामीने तो उचलून धरला होता.

मला तोंड उघडता आलं असतं. पण मामा माझ्याकडे बघत होते, आणि ज्याने माझी पिशवी उचलून मला इथवर आणलं त्याच्या पोटावर मी पाय देऊ? मी वणीच्या आईला हाक मारली. आजवर कुणासाठी काही मागताना असं मागितलं नव्हतं. आई, हा डोळा वाकडा पडू दे. चकणा पडू दे. रंग ओघळू दे, खिळा सुटू दे, काहीही कर. त्यांना घरी पाठव.

मामांनी खिळ्याचं डोकं रंगात बुडवलं, कडेला निथळू दिलं. मनगट हलत नव्हतं, म्हणून त्यांनी अख्खा हात खांद्यापासून खाली आणला, टेकवला आणि सरळ वर उचलला.

डोळा गोल पडला. वर्तुळ आखावं तसा.

शेठने मासा उजेडात धरला. “वाह,” तो म्हणाला, मनापासून म्हणाला. “काल थी आवी जजो.” म्हणजे उद्यापासून कामावर. मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी त्यांच्या मुलीच्या बारशालाच पाहिलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर डाव्या हाताने थाप मारली. मी बाजूला सरकलो आणि माझं बसायचं पोतं त्यांच्यासाठी झटकून घातलं. काय करणार होतो?

संध्याकाळी त्यांनी मला शेजाऱ्याच्या मोबाइलवरून गावी फोन लावायला सांगितला. स्वतः बोलेनात, म्हणाले, तूच सांग. पलीकडे मामी होती. कुणाच्या तरी अंगणात उभी असावी, मागे शेळी ओरडत होती. तिला डॉक्टरचं बोलणं शब्दन् शब्द माहीत होतं. मीच तिला सांगितलं होतं, दोनदा.

“मामी, मामांना कामावर घेतलं.”

 मग नाक ओढल्याचा आवाज आला. “देव तुले सुखी ठेवो रे बापू. तू व्हता म्हणून.” आणि लगेच, घाईने, कुणी ऐकू नये अशा आवाजात तिने विचारलं, “टाका कुठे टोचत नाही ना त्यांना? घामाने कापड आवळतं. आतून मऊ लावलंय मी, पण अंगठ्यापाशी एक गाठ राहिली होती.”

मी मामांकडे बघितलं. ते स्टोव्हला पंप मारत होते, डाव्या हाताने.

“नाही मामी,” मी म्हटलं. “टोचत नाही म्हणाले.”